वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वांची पातळी कशी सांभाळावी

टाके निघाले, वजनाचा काटा खाली येऊ लागला, की बहुतेकांना उपचार संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात एक काम तेव्हाच सुरू होते आणि ते आयुष्यभर चालते. अन्नातून आता पुरेशी न मिळणारी जीवनसत्त्वे आणि खनिजे रोज गोळ्यांवाटे घ्यायची आणि ती खरोखर अंगी लागत आहेत ना, हे ठरावीक काळाने रक्त तपासून पाहायचे, असे ते काम आहे. या बाबतीत ‘मला तर बरे वाटते आहे’ यावर विसंबणे सर्वांत धोक्याचे असते. यकृतातला ब-१२चा साठा काही वर्षेसुद्धा पुरू शकतो. त्यामुळे गोळ्या सोडलेला माणूस बराच काळ ठणठणीत दिसतो आणि पुढे पायांना मुंग्या येऊ लागल्या, की त्याचा संबंध जुन्या शस्त्रक्रियेशी जोडणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपली शस्त्रक्रिया कोणती, हे आधी जाणून घ्या

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषले जातात, म्हणून बायपासनंतर त्यांची उणीव सहज निर्माण होते. ब-१२ शोषले जाण्यासाठी जठरातून स्रवणारे एक विशिष्ट प्रथिन लागते आणि ते दोन्ही शस्त्रक्रियांनंतर कमी पडू शकते. आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये स्निग्ध पदार्थांचे पचन घटते, त्यामुळे अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही कमी पडतात. शस्त्रक्रियेचे नेमके नाव आणि तारीख लिहिलेला कागद कायम जवळ ठेवावा.

रोजची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या

बाजारातली साधी मल्टिव्हिटॅमिनची गोळी निरोगी माणसासाठी असते, आपल्यासाठी ती बहुधा अपुरी पडते. प्रौढांसाठी सर्वसाधारण शिफारशी अशा आहेत: ब-१२ तोंडावाटे रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्यातून एकदा १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, ब-१ म्हणजे थायमिन किमान १२ मिलिग्रॅम, शक्यतो ५०, लोह मासिक पाळी सुरू असलेल्या स्त्रियांना आणि स्लीव्ह किंवा बायपास झालेल्यांना ४५ ते ६० मिलिग्रॅम, कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, आणि ड-३ रक्तातली पातळी दर मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या वर जाईपर्यंत रोज ३००० युनिट. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत एवढ्यासाठी दिले आहेत. आपली मात्रा आपल्या रिपोर्टवरूनच ठरते.

डबीवरचा मजकूर बारकाईने वाचावा. कॅल्शियमच्या बाबतीत ‘सायट्रेट’ हा शब्द शोधावा, कारण ‘कार्बोनेट’ विरघळायला जठरातले आम्ल लागते आणि तेच आता कमी झालेले असते. जेलीसारख्या गोड गोळ्यांमध्ये बऱ्याचदा लोह आणि थायमिन नसतेच, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. सावकाश विरघळणाऱ्या किंवा विशेष आवरण असलेल्या गोळ्या टाळाव्यात. सुरुवातीच्या काळात चघळायच्या किंवा पातळ स्वरूपातल्या औषधांनी सोय होते.

गोळ्यांच्या वेळा बसवा

गोळ्या घेऊनही पातळी वाढत नाही, अशी तक्रार पुष्कळजण करतात, आणि बऱ्याचदा तिचे मूळ वेळापत्रकात सापडते. कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर हवे. शिवाय एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम शरीर नीट घेत नाही, त्यामुळे ते दिवसातून दोन-तीन वेळा विभागून घ्यावे लागते. लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी आणि संध्याकाळी, मल्टिव्हिटॅमिन आणि ड-३ जेवणासोबत, अशी बैठक अनेकांना सोयीची पडते. मात्र मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असेल तर तीही कॅल्शियमपासून दूर ठेवावी. लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा-कॉफी घेऊ नये. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर ती आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात चार तास जाऊ द्यावेत. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ आणखी घटते. या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, पण डॉक्टरांना आठवण जरूर करावी.

रक्त तपासा आणि रिपोर्ट नीट वाचा

पहिल्या वर्षी साधारणपणे तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी करावी. केवळ हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नये. लोहाचा साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरते, म्हणून साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी हवीच. अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असताना मात्र फेरिटिन खोटे वाढलेले दिसू शकते. कॅल्शियमचीही अशीच गत आहे. रक्तातले प्रमाण कायम राखण्यासाठी शरीर हाडांमधून कॅल्शियम काढून घेते, त्यामुळे रिपोर्टमध्ये कॅल्शियम ठीक दिसत असतानाही हाडे झिजत असू शकतात. म्हणून ड जीवनसत्त्व आणि हाडांमधून कॅल्शियम काढायला लावणारे पॅराथायरॉइड संप्रेरक यांची तपासणी सोबत करावी. केसांसाठी अनेकजण घेतात त्या बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेमुळे काही तपासण्यांचे आकडे, विशेषतः थायरॉइडचे, चुकू शकतात. ते घेत असल्यास रक्त देण्यापूर्वी सांगावे.

कमतरता निघालीच तर

एकच गोष्ट मनाने वाढवत बसू नये. केस गळतात म्हणून महिनोन्महिने जस्ताच्या गोळ्या घेतल्या, तर तांबे कमी पडते आणि त्यातून रक्तक्षय आणि चालण्यातला अस्थिरपणा उद्भवू शकतो. फॉलिक आम्ल भरपूर आणि ब-१२ कमी अशी स्थिती असेल, तर रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. पहिल्या सहा महिन्यांतली केसगळती बहुधा झपाट्याने घटलेल्या वजनामुळे होते आणि पुढे थांबते; ती लांबली, तर लोह, जस्त आणि प्रथिने तपासावीत. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील किंवा लागू पडत नसतील, तर शिरेवाटे लोह देता येते. उपचारानंतर पातळी खरोखर वाढली की नाही, याची फेरतपासणी करायला विसरू नये.

उलट्या थांबत नसतील तर वाट पाहू नका

या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवावी. थायमिनचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील किंवा काहीच खाणे जात नसेल, तर थायमिनची तीव्र कमतरता पाहता पाहता होते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नजर स्थिर न राहणे किंवा एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे आणि बोलण्या-वागण्यात गोंधळ ही तिची लक्षणे आहेत. तिन्ही एकत्र दिसतीलच असे नाही, म्हणून एक दिसले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथल्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेची माहिती नसेल, तर ती पहिल्याच वाक्यात सांगावी आणि ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन देण्याविषयी विचारावे, कारण थायमिनशिवाय दिलेल्या ग्लुकोजने ही अवस्था आणखी बिघडू शकते.

गर्भधारणेचा विचार असल्यास

शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः १२ ते १८ महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. गर्भधारणेआधीच सर्व पातळ्या तपासून गोळ्या बदलून घ्याव्यात, कारण अ जीवनसत्त्वाचा रेटिनॉल हा प्रकार जास्त मात्रेत गर्भाला अपायकारक असतो आणि त्याऐवजी बीटा-कॅरोटिन असलेली गोळी निवडावी लागते. गरोदरपणात दर तिमाहीला पुन्हा रक्त तपासावे.