माजी विद्यार्थ्यांचं पान कसं भरावं

विद्यापीठाचं वार्तापत्र हातात पडलं की कुलगुरूंचं मनोगत ओलांडून लोक थेट आपल्या बॅचच्या बातम्या शोधतात. ते पान मी सांभाळते. नव्याने हे काम अंगावर आलेल्यांसाठी चार गोष्टी सांगते.

‘आपल्या बातम्या कळवा’ अशी चौकट छापून फारसं काही येत नाही. आलंच तर बढत्या आणि सत्कार. त्याऐवजी प्रत्येक बॅचमागे एक माणूस धरा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १७९२ सालीच माजी विद्यार्थ्यांची अशी बॅचवार जुळणी सुरू झाली होती. हा माणूस टॉपरच हवा असं नाही. सहलीचे पैसे कोण गोळा करायचं ते विचारा. त्याच्याकडे अजून सगळ्यांचे नंबर सापडतात.

फोनवर ‘काय चाललंय?’ विचारलंत तर ‘मजेत’ एवढंच हाती लागेल. ग्रंथालयात कुठे बसायचात, वर्गातल्या कोणाशी अजून भांडता, हल्ली दिवस कशात जातो, असं विचारा. मग लिहिताना ‘संस्थेचं नाव उज्ज्वल केलं’ हे वाक्य बिनदिक्कत उडवा. ‘रसायनशास्त्राची पदवी घेऊन आता जुनी घड्याळं दुरुस्त करते, चिमटा प्रयोगशाळेच्या दिवसांतलाच’ हे लोक वाचतात. (चिमटा कोणाच्या मालकीचा, ते विचारू नये.)

बॅच म्हणजे प्रवेशाचं वर्ष की पदवीचं, हे एकदाच ठरवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींना कोणतं नाव छापू ते विचारा. बहुतेकींना दोन्ही हवी असतात, नाहीतर जुन्या ओळखीचे ओळखणार कसे? फोटोओळीत ‘आणि इतर’ कधीच नको. पहिला फोन त्या ‘इतरां’चाच येतो.

निधनवार्ता ग्रुपवरच्या मेसेजवरून घेऊ नका. घरच्यांशी किंवा अंत्यविधीला गेलेल्या कोणाशी बोला, तारीख आणि नाव पुन्हा वाचून दाखवा, विशेषणं कमी ठेवा. घटस्फोट, आजारपण, गेलेली नोकरी: ज्याचं त्याने सांगितलं आणि छापायला होकार दिला तरच. फोन नंबर मात्र होकार असला तरी छापत नाही मी. निरोप आमच्यामार्फत पोचवते.

कॅम्पसच्या बातम्यांत नव्या इमारतीला दोन ओळी पुरतात. निवृत्त होणाऱ्या प्रयोगशाळा सहायकाला अर्धं पान द्या, फोटोसकट. त्याच्यासाठी पत्रं येतात, आणि त्या पत्रांतूनच पुढच्या अंकाचा मजकूर निघतो.