पत्रिकेतला नुसता गणपती पीएनजीमधे कसा काढायचा

लग्नसराईत परभणीकडं रोज कुणीतरी म्हणतंच, पत्रिकेतला नुसता गणपती व्हॉट्सॅपला टाका. बरेच जण स्क्रीनशॉट मारून देयलेत, मग ते फुटतंय अन् मागं पांढरा डबा येतोय तो वेगळाच. कोरलड्रॉमधे (पत्रिका डिझाईन करायचं सॉफ्टवेअर) फक्त गणपती सिलेक्ट करा (सोंड, मुकुट सुटे असतील तर आधी कंट्रोल जी दाबून एकत्र करा), एक्सपोर्टसाठी कंट्रोल ई दाबा, पीएनजी (मागं पारदर्शक ठेवता येणारा फाईलचा प्रकार) घ्या अन् सेव्ह करायच्या खिडकीतच 'सिलेक्टेड ओन्ली'वर टिक करा, हीच टिक करायची राहून जाते अन् अख्खी पत्रिका एक्सपोर्ट होते. पुढं रिझोल्यूशन 300, ट्रान्सपरंट चालू. जेपीजी घेतलं की पांढरं येणारच, त्यात पारदर्शक नसतंच. इनडिझाईनवाल्यांनी पीएनजी एक्सपोर्टमधे 'सिलेक्शन' निवडायचं. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा बरं का, फोटो म्हणून नको.