जवानानं हुकूम मोडला तर? कमिशन घेणाऱ्या पोरांसाठी

डेहराडून किंवा चेन्नईच्या लष्करी अकॅडमीतून सुट्टीवर आलेले कॅडेट भेटायला आले की चहा संपायच्या आत एक प्रश्न हमखास निघतो: "सर, जवानानं सरळ 'नाही' म्हटलं तर काय करायचं?" अकॅडमीत हुकूम मोडणारा कोणी भेटलेला नसतो. पलटणीत गेल्यावर मात्र प्लाटूनमधला हवालदार तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा निघतो, त्याची मुलगी दहावीला असते आणि त्याला हुकूम द्यायचा असतो तुम्ही.

तोंडावर 'नाही' क्वचितच ऐकू येतं. जवान 'जी साहब' म्हणतो आणि काम तसंच राहतं. वर्किंग पार्टीत दोन माणसं कमी भरतात, रजेवर गेलेला उशिरा परततो, एखाद्याची रायफल रोज अस्वच्छ सापडते. यातलं बरंचसं सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, तुमच्या कानावर यायच्या आधीच निपटून टाकतो. त्याला ते निपटू द्या. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीत लेफ्टनंट स्वतः उतरला की त्याचा शब्द स्वस्त होतो.

आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 41 एकदा मुळातून वाचा. वरिष्ठानं स्वतः समोर उभं राहून दिलेला हुकूम जवानानं उघड मुजोरी करून धुडकावला, तर चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एरवीच्या हुकूमभंगाला सक्रिय सेवेवर चौदा आणि शांततेच्या ठिकाणी पाच वर्षांपर्यंत. आकडे वाचून नवी पोरं खूश होतात. पण त्याच कलमात हुकूम कायदेशीर असावा अशी अट आहे. मेमसाहेबांची भाजी आणायला पाठवलेला जवान गेला नाही, तर कलम 41 काढून बसू नका, तुमचंच हसं होईल. हुकूम नेमक्या कोणत्या शब्दांत दिला, त्याला तो ऐकू गेला का, पाळायला वेळ मिळाला का, जवळ कोण उभं होतं, हे त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा. पुढं सुनावणीत याच गोष्टींवर सगळं ठरतं.

आणि हात उचलायचा नाही. हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ केला तर कलम 47 तुमच्यावर लागतं, सात वर्षांपर्यंत. 'आमच्या वेळी असं चालायचं' म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकून घ्या आणि सोडून द्या.

जुन्या लोकांकडून शिकलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. प्यायलेल्या माणसाला स्वतः हुकूम द्यायला जाऊ नका. तो काहीतरी बोलणार, कदाचित अंगावर धावून येणार, आणि साध्या दारूच्या गुन्ह्याचा वरिष्ठावर हात टाकल्याचा गुन्हा होणार. त्याच्याच दर्जाचे दोन जवान पाठवायचे, त्यांनी त्याला क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या पहारा-चौकीत, नेऊन झोपवायचं. बोलणं सकाळी.

उघड नकार मी एकदा अगदी जवळून पाहिला. थंडीचे दिवस, संध्याकाळचा रोल कॉल. नाईकानं रात्रीच्या संतरी ड्यूटीची नावं वाचली आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "मैं नहीं जाऊँगा." पोरगा साताऱ्याकडचा, एरवी मान खाली घालून वावरणारा. सगळी प्लाटून वळून बघायला लागली. मी पुढं पाऊल टाकणार तेवढ्यात सुभेदार साहेबांनी नाईकाला शांतपणे सांगितलं, "अगला नाम पढ़ो." यादी पुरी झाली, फॉल आउट झालं. त्या पोराची रायफल कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा झालेली मला नंतर कळली. साहेबांनी ते काम कुणाकरवी, कधी करून घेतलं ते दिसलंही नाही.

मग लंगरात स्टीलच्या मगात चहा. साहेबांनी हिंदी बाजूला ठेवली. "घरनं फोन आलता का?" बराच वेळ उत्तर नाही. नंतर हळूहळू बाहेर आलं. वाटणीचे कागद तहसीलला लागले होते, थोरला भाऊ आईच्या अंगठ्याचे ठसे घेत फिरत होता आणि याचा रजेचा अर्ज क्लार्कच्या फायलीत बरेच दिवस पडून होता. पोरगा रडला. साहेब गप्प बसून राहिले.

मी नंतर विचारलं, तुम्ही तिथंच त्याला दटावलं का नाही? म्हणाले, "साहेब, चारचौघांत तोच हुकूम पुन्हा दिला असता, तर तो पुन्हा नाही म्हणाला असता. पहिल्यांदा तोंडातून गेलं होतं, दुसऱ्यांदा त्याला मागं फिरता आलं नसतं. आणि मलाही."

याचा अर्थ प्रकरण मिटवलं असा नाही. दुसऱ्या दिवशी चार्ज लागला. टोपी-बेल्ट काढून पोरगा कमांडिंग ऑफिसरसमोर मार्च झाला, छोटी शिक्षा मिळाली आणि ती भोगून झाल्यावर रजाही मिळाली. शिक्षा दिलीच नसती, तर त्या रात्री त्याच्या जागी थंडीत उभं राहिलेल्या पोराला काय सांगायचं? अर्थात चकमकीच्या मुलखात, गस्त निघालेली असताना, चहाला वेळ नसतो. तिथं माणूस तात्काळ बाजूला काढायचा, हत्यार काढून घ्यायचं आणि पुढं जायचं.

कमांडिंग ऑफिसर कलम 80 खाली अठ्ठावीस दिवसांपर्यंतची कैद देऊ शकतो. त्याआधी आर्मी रूल्सच्या नियम 22 प्रमाणे आरोप जवानासमोर ऐकला जातो आणि साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा हक्क त्याला असतो. साक्षीदार बहुतेक वेळा तुम्हीच असता. काल जो तुम्हाला सॅल्यूट मारत होता, तो आज विचारतो, 'साहब, आपने उस वक्त क्या बोला था?' अनेक तरुण अधिकाऱ्यांना हा अपमान वाटतो. सरळ उत्तर द्या.

आता एक खटला सांगतो, तो प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला पाठ असायला हवा. रणजित ठाकूर नावाच्या सिग्नलमननं आपल्या कमांडिंग ऑफिसरच्या वागणुकीची तक्रार थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवली. त्याबद्दल त्याच अधिकाऱ्यानं त्याला अठ्ठावीस दिवसांची सक्तमजुरी दिली. ती भोगत असताना, मे 1985 मध्ये, कोठडीत त्याला जेवण्याचा हुकूम झाला आणि तो जेवला नाही. चार्ज कलम 41 चा. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल, म्हणजे झटपट चालणारं लष्करी न्यायालय, भरलं आणि त्यात ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच अधिकारी बसला. शिक्षा एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळं रद्द केलं. न्यायाला बसलेल्यांबद्दल हरकत आहे का हे आरोपीला विचारलंच नव्हतं, पक्षपाताची शंका उघड होती, आणि जेवला नाही म्हणून एवढी शिक्षा हे कोर्टाच्या पचनी पडलं नाही. माणूस सगळ्या लाभांसह नोकरीत परत आला.

हे वाचताना मला मुंबईचं 'तलवार' आठवतं. कुलाब्याच्या या नौदल सिग्नल स्कूलमध्ये 1946 च्या फेब्रुवारीत कमांडर किंगनं नाविकांना घाणेरड्या शिव्या दिल्या. पोरांनी रीतसर तक्रारी केल्या. त्या फिरून किंगच्याच टेबलावर आल्या आणि त्यानं तक्रार करणाऱ्यांनाच दम भरला. 18 फेब्रुवारीला नाविकांनी जेवण नाकारलं. पुढच्या काही दिवसांत हे लोण 78 जहाजांपर्यंत आणि सुमारे वीस हजार नाविकांपर्यंत गेलं. त्यामागं आझाद हिंद सेनेचे खटले होते, निकृष्ट जेवण होतं, स्वातंत्र्याची हवा होती, हे खरंच. तरी त्या तक्रारी दुसऱ्या कुणी ऐकल्या असत्या तर, असं मनात येतंच.

दोन्हीकडे माणसं आधी बोलली होती. ताट नंतर सरकवलं. ज्याच्याविरुद्ध बोलली त्याच्याच हातात न्याय गेला. कायद्यात यावर वाट आहे: कलम 26 प्रमाणे ज्याच्याकडे तक्रार द्यायची तोच आरोपी असेल, तर जवान त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. तुमच्या प्लाटूनमधला कोणी तुमच्याबद्दल अशी तक्रार घेऊन निघाला, तर वाट अडवू नका आणि त्याचा चार्ज स्वतः ऐकायला बसू नका.

'चार रेड इंक (शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी) झाल्या की माणूस घरी' हे वाक्यही लवकरच कानावर पडेल. ते अर्धवट आहे. चार लाल नोंदी एवढ्यावरच माणसाला काढता येत नाही, आधी चौकशी हवी, असं सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये सांगितलं आहे. तेव्हा नोंदींची धमकी देत फिरू नका. कंपनीत रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच रजेचं रजिस्टर मागवा आणि कोणाचा अर्ज कधीपासून अडकलाय ते स्वतः बघा. क्लार्क कुरकुर करेल. करू दे.