नाणेघाटातली कादंबरी लिहायची तर

नाणेघाट म्हणजे जुन्नरकडून कोकणात उतरणारी सातवाहनकाळातली व्यापारी वाट. तिथली कादंबरी लिहायची तर आधी काळ नेमका ठरवा. ‘दोन हजार वर्षांपूर्वी’ एवढ्यावर भागत नाही. सातवाहन राणी नागनिकेचा नवरा सातकर्णी आणि त्याच घराण्यातला गौतमीपुत्र सातकर्णी यांच्यात शतकाहून जास्त अंतर आहे, आणि तेवढ्यात राजे, नाणी, व्यापार सगळे बदलते. गौतमीपुत्राने क्षत्रप राजा नहपानाचा पाडाव केल्यानंतरचे पहिले वर्ष घ्या. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली; त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. नव्या छापाखालून जुन्या राजाचा चेहरा डोकावतो आहे, असे एक नाणे नायकाच्या कनवटीला द्या. सत्तापालट सांगायला मग वेगळे प्रकरण लागत नाही. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात ७०,००० कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी) असा हिशेब आहे, म्हणजे एका सुवर्णाला ३५. पात्रांचे सौदे याच भावाने होऊ द्या.

दैवते निवडताना सर्वांत जास्त चुका होतात. नाणेघाटातल्या नागनिकेच्या लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना, म्हणजे दिशांच्या रक्षक देवांना, नमन आहे. गणपती नाही. प्रवासाला निघताना गणेशवंदन घातले, की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

कथेतला चमत्कार जागेतून उगवावा. पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा घाटमाथ्याच्या कड्यावर आदळून वर उसळतो, आणि ओढ्याचे पाणी दरीत पडण्याऐवजी उलटे वर उडते. घाटाचे तोंड पश्चिमेला, आणि पश्चिमेचा लोकपाल वरुण. ‘वरुण आपले पाणी परत मागतो आहे’ ही समजूत तुमची कल्पना असली, तरी तिचे सगळे धागे तिथलेच आहेत. निवेदकाने फक्त वारा आणि पाणी सांगावे. वरुणाचे नाव पात्राच्या तोंडी यावे. आणि या वरुणाने नायकाला संकटातून सोडवू नये. एकदा देव धावून आला, की पुढच्या कड्यावर वाचकाला भीती वाटत नाही.

हा देखावा हवा असेल तर प्रसंग आषाढात घडेल, आणि आषाढात बैलांचे तांडे घाट चढत नाहीत. म्हणून चढणाऱ्याला जिवावरचे कारण द्या आणि त्याला एकटा पाठवा. उघडिपीतही जुन्नरपासून घाटमाथा साधारण ३० किलोमीटर, लादलेल्या बैलांना दोन दिवसांची वाट. घोड्यावरून तासाभरात पोचवू नका. ओल्या रानात अरणी, म्हणजे अग्नी पाडायची लाकडे, घासून आग पेटत नाही. विस्तव मडक्यात राखेखाली जपून न्यावा लागतो. मडके फुटले तर रात्र थंडीत काढायची, आणि इथे तलवारबाजीपेक्षा चांगला प्रसंग मिळतो.

फुरसे हा विषारी साप चावल्यावर माणूस दोन ओळींत मरत नाही. त्या विषाने रक्त गोठेनासे होते. सूज, हिरड्यांतून रक्त, आणि मरण आलेच तर काही तासांनी, कधी दिवसांनी. तेवढा वेळ सोबत्याला त्याला पाठीवर घेऊन चालायला लावा.

शिदोरीत मिरची, मका, बटाटा नको. हे सगळे पोर्तुगीजांच्या आगमनानंतरचे. तिखटाला मिरी आणि आले, पोटाला भात आणि कुळीथ. झाडोऱ्यात घाणेरी नको, तीही अमेरिकेतून आलेली, कारवी चालेल. मात्र तिला दरवर्षी फुलवू नका, ती सात वर्षांनी एकदा फुलते. पाण्याच्या टाक्याला लेण्यांतल्या लेखांत ‘पोढी’ म्हणतात. असे पाच-सहाच शब्द वापरा आणि अर्थ वाक्यातूनच कळू द्या. संवाद मात्र साध्या मराठीत ठेवा. संस्कृतप्रचुर बोलणारा बैलवाला खोटा वाटतो, कारण त्या काळी लेखसुद्धा प्राकृतात कोरले जात.

मसुदा झाला की हिवाळ्यात कोकणातल्या पायथ्याच्या वैशाखऱ्याच्या बाजूने घाट चढा. पाठीवर दहा किलो ओझे घ्या, प्रत्येक प्रसंगाच्या जागी घड्याळ पाहा, आणि धाप लागून बोलता येत नाही तिथले संवाद कापा.