‘देवाला न उचलणारा दगड’ : हा प्रश्न बैठकीत कसा सोडवावा

सप्ताहातलं कीर्तन आटोपतं, टाळ खाली ठेवले जातात, आणि मंडपाच्या कडेला बसलेल्या कॉलेजच्या पोरांपैकी एखादा हमखास विचारतो, “देव काहीही करू शकतो ना? मग त्याला स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड तो घडवू शकेल का?” घडवू शकला तर उचलायला कमी पडला, घडवू शकला नाही तर घडवायला कमी पडला. मोठी माणसं चिडतात, नाहीतर “श्रद्धेचा विषय आहे” म्हणून त्याला गप्प बसवतात. दोन्ही चूक. प्रश्न खरा आहे, शेकडो वर्षं जुना आहे, आणि फळ्यावर नीट मांडला तर दीड तासात त्यातला बराच गुंता सुटतो.

खान्देशात तर हा प्रश्न टाळायला काहीच कारण नाही. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था काढली ती असल्याच प्रश्नांसाठी. आपल्या परंपरेतही मीमांसक, सांख्य आणि जैन हे सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाहीत, आणि ईश्वर मानणाऱ्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, त्यांच्याशी शतकानुशतकं वाद घातला. प्रश्न विचारणाऱ्या पोराला नास्तिक ठरवण्याआधी एवढं आठवावं.

तयारी फार लागत नाही. आठ ते बारा माणसं, एक फळा, दोन रंगांचे खडू. वीसच्या वर माणसं गेली की बैठकीचं भाषण होतं. निदान एक माळकरी आणि निदान एक न मानणारा असावा. सगळे एकाच बाजूचे असले तर कच्चा मुद्दाही पक्का वाटायला लागतो. अहिराणीत बोलणाऱ्याला अहिराणीतच बोलू द्यावं, प्रमाण भाषेत अडखळताना माणूस आपला मुद्दाच सोडून देतो. नियम एकच: हरकत घेणाऱ्याने फळ्यावरच्या कितव्या ओळीला हरकत आहे, ते आधी सांगायचं.

सुरुवातीला कोणत्या देवाबद्दल बोलतो आहोत ते ठरवा. न्यायदर्शनातला ईश्वर परमाणू निर्माण करत नाही. परमाणू नित्य आहेत, तो त्यांची जुळणी करणारं निमित्तकारण आहे, कुंभार जसा मातीला. शून्यातून सृष्टी उभी करणारा देव हा ख्रिस्ती आणि इस्लामी विचारातला दावा आहे. आपल्याकडचं नेहमीचं वर्णन ‘कर्तुम् अकर्तुम् अन्यथाकर्तुम् समर्थ’ असं आहे: करायला, न करायला आणि वेगळं करायला समर्थ. यातलं ‘न करायला’ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता ‘अशक्य’ हा शब्द फोडायचा. याला पंधरा-वीस मिनिटं द्या, घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पहिली जात, शक्ती कमी पडते म्हणून अशक्य: पाच क्विंटलचा दगड एकट्याने उचलणं. दुसरी जात, सृष्टीत तसं नाही म्हणून अशक्य: सशाचं शिंग. तिसरी जात, बोलण्यातच विरोध आहे म्हणून अशक्य: वंध्यापुत्र. जुन्या ग्रंथांत शशशृंग आणि वंध्यापुत्र एका दमात येतात, पण या कामासाठी ते वेगळे ठेवायलाच हवेत. शिंगवाल्या सशाचं चित्र काढता येतं. वांझेचा मुलगा म्हटलं की एक शब्द दुसऱ्याला खोडतो. याला आपले तार्किक ‘वदतो व्याघात’ म्हणतात.

मग या तीन जातींचे फळ्यावर तीन रकाने करा, आणि एकेक उदाहरण देऊन कोणत्या रकान्यात जातं ते विचारा. तापी पूर्वेकडे वाहणं. केळीच्या खांबाला आंबे लागणं. चौकोनी वर्तुळ. इथे हमखास होणारी चूक अशी की लोक तापीला तिसऱ्या रकान्यात टाकतात, कारण नदी उलटी वाहताना कुणी पाहिलेली नसते. कसोटी सोपी आहे: “समजा हे घडलं” असं म्हणून पुढे वर्णन करायला लागा. वर्णन करताना आधी म्हटलेला शब्द मागे घ्यावा लागला तर तिसरा रकाना, नाहीतर दुसरा. पूर्वेला वाहणारी तापी तापीच राहते. कोपरे फुटलेलं वर्तुळ मात्र वर्तुळ राहत नाही.

तिसरा रकाना पटत नसेल तर गणित काढा. चाळीसगावजवळच्या पाटण्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभा केला, त्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या संख्येला ‘खहर’ म्हटलं आणि तिची तुलना थेट अच्युताशी केली: सृष्टी निघाली वा विलीन झाली तरी अनंतात फरक पडत नाही, तसं खहरात काही मिळवलं वा वजा केलं तरी फरक पडत नाही. उपमा देखणी आहे. पण शून्याने गुणून शून्यानेच भागलं तर मूळ संख्या परत मिळते, हा त्यांचा नियम आज चालत नाही. तो मानला तर दोन गुणिले शून्य आणि तीन गुणिले शून्य सारखेच असल्यामुळे २ = ३ निघतात. म्हणून आजचं गणित शून्याने भागण्याला उत्तरच देत नाही. इथे गणित्याची बुद्धी तोकडी पडलेली नाही, त्या मांडणीने कोणती संख्या मागितलीच जात नाही. ‘चौकोनी वर्तुळ कर’ ही आज्ञाही तशीच: वाक्य व्याकरणाने पुरं, पण त्यात कोणतंच काम सांगितलेलं नाही. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनस यांनी हेच म्हटलं: अशा गोष्टी देवाला करता येत नाहीत असं म्हणण्यापेक्षा त्या होऊच शकत नाहीत असं म्हणावं.

आता मूळ युक्तिवाद फळ्यावर चार ओळींत लिहा.

१. देव तो दगड घडवू शकतो, किंवा शकत नाही.
२. शकत असेल, तर एक दगड असा आहे जो त्याला उचलता येत नाही.
३. शकत नसेल, तर एक काम असं आहे जे त्याला जमत नाही.
४. म्हणून दोन्हीकडून देव सर्वशक्तिमान नाही.

बहुतेक माणसं तिसऱ्या ओळीवर तुटून पडतात. आधी दुसरी बघा. ‘घडवू शकतो’ आणि ‘घडवला’ यांत फरक आहे. मी माझी कडब्याची गंजी पेटवू शकतो, म्हणून माझी गंजी आज जळालेली आहे असं होत नाही. तो दगड घडवण्याची शक्ती असून तो न घडवणारा देव आज पूर्ण सर्वशक्तिमान आहे. घडवेल त्या क्षणी उणा होईल. म्हणजे दुसरी ओळ जशीच्या तशी टिकत नाही. पण भाविकाने इथे हुश्श करू नये. देवाची शक्ती कधीही जाऊच शकत नाही असं तो मानत असेल, तर ही पळवाट त्याला बंद आहे. त्याला तिसऱ्या ओळीकडे यावंच लागतं.

तिथे पहिलं उत्तर तत्त्वज्ञ जॉर्ज माव्रोडेस यांचं, १९६३ सालचं. देव सर्वशक्तिमान आहे असं धरलं तर ‘सर्वशक्तिमानाला न उचलणारा दगड’ हा वंध्यापुत्र झाला, तिसऱ्या रकान्यातला. तो न घडवता येणं ही उणीव नव्हे.

यावर चांगला वाद घालणारा माणूस म्हणेल, “आमच्या गावचा पाथरवट स्वतःला न उचलणारं जातं घडवतो. त्यात कसला आलाय व्याघात? पाथरवटाला जमतं ते देवाला जमत नाही!” ही हरकत दमदार आहे, तिला बगल देऊ नका. फळ्यावर आकडे मांडा. पाथरवट ५० किलो उचलतो आणि ५०० किलोपर्यंतचा दगड घडवतो. ५० च्या वर ५०० पर्यंतचा प्रत्येक दगड त्याला न उचलणारा. आता त्याची ताकद वाढवा: ४०० किलो उचलतो. न उचलणारे दगड कमी झाले. अजून वाढवा: ५०० उचलतो, ५०० घडवतो. न उचलणारा दगड घडवण्याची त्याची ‘शक्ती’ संपली! पण पाथरवट दुबळा कुठे झाला? उलट बळकट झाला. जी ‘शक्ती’ ताकद वाढली की नाहीशी होते, ती मुळात शक्ती नव्हती. दोन मर्यादांमधली वजाबाकी होती. देवाच्या ठायी दोन्ही मर्यादा नाहीत, म्हणून वजाबाकीला जागाच नाही. तत्त्वज्ञ वेड सॅव्हेज यांनी १९६७ मध्ये साधारण हाच मार्ग दाखवला. हे आकडे तोंडी सांगून भागत नाही, खडूने पुसून पुन्हा लिहावेत. पाहणाऱ्याच्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडतो.

इथवर आलं की बैठक संपवायचा मोह होतो. संपवू नका. दगड हा या प्रश्नाचा सोपा भाग होता. खरी अडचण व्याख्येत आहे.

‘देव काहीही करू शकतो, विरोध असलेलंसुद्धा’ ही पहिली व्याख्या. गणिताची सत्यंही देवानेच ठरवली, असं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६३० च्या पत्रांत लिहिलं. ही बाजू घेणाऱ्याला दगडाची भीती नाही: तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९६४ मध्ये दाखवल्याप्रमाणे, जो न उचलणारा दगड घडवतो तो पुढचं अशक्यही करतो, दगड उचलतो. किंमत एवढीच की ‘देव दयाळू आहे, म्हणून निर्दय नाही’ हेही मग म्हणता येत नाही. ही व्याख्या निवडणाऱ्याचा मान राखा, पण पुढे त्याने तर्काचा आधार मागितला तर देऊ नका.

दुसरी व्याख्या, विरोध नसलेलं सर्व काही. हिला तीन प्रश्न लावा. गिरणेला काल आलेला पूर आज न आलेला करणं? अ‍ॅगथॉन या ग्रीक कवीचं म्हणणं अ‍ॅरिस्टॉटल यांनी उचलून धरलं, की घडलेलं न घडलेलं करणं देवालाही जमत नाही. हे तिसऱ्या रकान्यात गेलं तर व्याख्या वाचते. खोटं बोलणं? त्यात व्याघात काहीच नाही, माणसं रोज करतात. मग सत्यस्वरूप देवाला ते जमतं का? काही जण इथे व्याख्या आवळतात: ‘स्वतःच्या स्वभावाला धरून असलेलं सर्व’. पण मग ज्याचा स्वभावच कान खाजवण्यापुरता आहे असा प्राणीही सर्वशक्तिमान ठरतो, कारण स्वभावात आहे ते सगळं तो करतो. आमच्या मते ही तिसरी व्याख्या टाकून द्यावी. तत्त्वज्ञ पीटर गीच यांची १९७३ ची वाट जास्त प्रामाणिक आहे: ‘सर्व काही करता येणं’ हा दावा सोडा, ‘सर्वांवर सत्ता असणं’ हा धरा. भक्ताला विठ्ठल लागतो तो सत्ताधीश म्हणून. कोड्यातली कामं करून दाखवणारा म्हणून नव्हे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. शेजारच्या भावकीने स्वतःच्या मर्जीने बांधाचा हट्ट सोडणं, हे देव घडवू शकतो का? शेजाऱ्याचा हट्ट मोडणं सोपं आहे. पण देवाने घडवलं तर शेजाऱ्याची मर्जी कुठे राहिली? हे घडणं शक्य आहे, त्यात विरोध नाही, तरी एकट्या देवाच्या हातचं ते दिसत नाही. तत्त्वज्ञ जॉन मॅकी यांनी १९५५ मध्ये इथेच बोट ठेवलं: देवालाच आवरता येणार नाहीत अशी माणसं तो निर्माण करू शकतो का? दगडाला दिलेलं वजाबाकीचं उत्तर इथे लागू पडत नाही, कारण मर्जी किलोत मोजता येत नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा विचार वेदान्ताचा पाया असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आहे. जगात इतकी विषमता असताना ईश्वर पक्षपाती आणि निष्ठुर नाही कसा? उत्तर: तो जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस साळीला आणि जवाला सारखाच, फरक बियाण्याचा. जळगावकडे तोच पाऊस कपाशीवरही पडतो आणि ज्वारीवरही. मात्र गटात कुणीतरी विचारायलाच हवं: जो कर्माची अपेक्षा ठेवतो तो ‘अन्यथाकर्तुम्’ समर्थ राहिला का? नाही विचारलं तर बैठक चालवणाऱ्याने विचारावं.

वेळ उरला तर योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातला युक्तिवाद घ्या. दोन तुल्यबळ ईश्वर एकाच वस्तूबद्दल एकाच वेळी, एक म्हणतो ‘ही नवी असो’, दुसरा म्हणतो ‘जुनी असो’. एकाचं खरं झालं की दुसरा उणा. म्हणून ईश्वर एकच. गटाला विचारा, हा युक्तिवाद कितव्या व्याख्येवर उभा आहे.

समारोपाला कौल घेऊ नका. हात वर झाले की विचार थांबतो. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन ओळी लिहाव्यात: मी कोणती व्याख्या धरतो, आणि तिच्यासाठी काय सोडतो. दुसरी ओळ कोरी सोडणाऱ्याला चिठ्ठी परत द्या. मग कोपऱ्यातल्या ‘न करायला’ या शब्दांकडे या आणि पुढच्या बैठकीचा प्रश्न फळ्यावर तसाच राहू द्या: यशोदेचं दावं दर वेळी दोन बोटं कमी पडलं आणि शेवटी कृष्ण बांधला गेला, तेव्हा त्याला सुटता येत नव्हतं, की सुटायचं नव्हतं?