रक्तवाहिनीच्या पेशींवर हळद: कोकणातल्या प्रयोगशाळेत करताना

परसातल्या हळदीचा अर्क लगेच पेशींवर घालू नका. त्यात काय किती आहे ते कळत नाही. आधी शुद्ध कुरक्युमिनवर (हळदीतलं पिवळं द्रव्य) हात बसवा. ३.७ मिलिग्रॅम कुरक्युमिन १ मिली डीएमएसओत (एक द्रावक) विरघळवा, १० मिलिमोलर साठा होतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत डीएमएसओ पाणी ओढतं, तेव्हा बाटली लगेच बंद करा. छोटे वाटे फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा.

नाळेच्या शिरेतल्या पेशींचा थर भरला की दर मिली माध्यमाला (पेशी ज्यात वाढतात ते द्रव) १ मायक्रोलिटर साठा घाला. तासाभराने दाह पेटवणारं टीएनएफ-अल्फा (१० नॅनोग्रॅम प्रति मिली) घाला, सहा तासांनी पेशींवरचं व्हीकॅम-१ हे प्रथिन मोजा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी या प्रथिनाला चिकटतात. कुरक्युमिन एनएफ-कप्पा-बी (दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन) रोखून व्हीकॅम-१ कमी करतं.

घोळ होतो तो रंगात. कुरक्युमिन स्वतःच हिरवट चमकतं, म्हणून व्हीकॅम-१ दाखवायला लाल चमकणारं रंगद्रव्य घ्या आणि थाळीतल्या एका खाचेत नुसतं कुरक्युमिन ठेवा, दुसरीत नुसतं डीएमएसओ. सूक्ष्मदर्शकाखाली नारिंगी कण दिसले तर कुरक्युमिन विरघळलेलंच नाही. सीरमविना (रक्तातला पेशींविना पातळ भाग) माध्यमात ते अर्ध्या तासात बरंचसं नासतं. आणि पेशी जिवंत आहेत ना, हे तपासाच. मेलेल्या पेशीही व्हीकॅम-१ कमीच दाखवतात.