खाऱ्या हवेत टिकणारा घडीचा लोखंडी स्टँड

बाजारातली फळी, मासळीचा क्रेट किंवा खळ्यात आंबे निवडायचं टेबल, या सगळ्यांखाली चालेल असा कात्री स्टँड (एकात एक बसणाऱ्या दोन चौकटी, पायांच्या मध्यावर बोल्टने कात्रीसारख्या जोडलेल्या) 25×25 मिमी, 1.6 मिमी जाडीच्या एकाच 6 मीटर चौकोनी पाइपात होतो. उघडल्यावर उंची 750 मिमी, पायांतलं अंतर 600 मिमी, वजन साडेसहा किलोच्या आसपास.

पाय चार, प्रत्येकी 960 मिमी. दोन्ही टोकं सरळ कापापासून 39 अंश तिरकी, एकमेकांना समांतर कापा, म्हणजे पाय जमिनीवर सपाट बसतो. बाहेरच्या चौकटीच्या आडव्या पट्ट्या 500 मिमीच्या दोन, आतल्या चौकटीच्या 394 मिमीच्या दोन. आतली चौकट बाहेरून 444 मिमी भरते आणि दोन्ही बाजूंना 3-3 मिमी फट राहते. ही फट वॉशरसाठी आहे, ती खाऊ नका.

स्टँड बिघडतो तो बहुतेक वेळा आडव्या पट्ट्यांपाशी. बाहेरच्या चौकटीच्या पट्ट्या पायांच्या मध्ये जोडल्या तर आतले पाय त्यांवर आदळतात आणि घडी अर्ध्यावर अडते. म्हणून त्या पायांच्या पाठीवर जोडा, टोकापासून 30 मिमी सोडून: वरची एका अंगाला, खालची विरुद्ध अंगाला. घडी करताना आतली चौकट ज्या बाजूने येते, त्याच्या उलट बाजूला पट्टी हवी. आतल्या चौकटीच्या पट्ट्या मात्र पायांच्या मध्येच. वेल्डिंगआधी चारही पाय जमिनीवर मांडून एकदा हाताने घडी घालून बघा.

वेल्डिंग मशीन इन्व्हर्टर, वेल्डिंग रॉड 6013 प्रकारचा, 2.5 मिमीचा, 55 ते 65 अँपिअर. 3.15 चा रॉड या पाइपाला भोक पाडतो. आधी चारही कोपऱ्यांना टाके (जागेवर धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारा, कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले तरच पुढे. मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने वेल्ड करा. एकाच बाजूने ओढत गेलात तर चौकट पिळते. पावसाळ्यात रॉड दमट होतात, चरचरतात आणि सांध्यात बारीक छिद्रं पडतात. झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल्या फरशीवर उभं राहून वेल्डिंग अजिबात नको. कोरडी फळी आणि रबरी तळाचे बूट हवेतच. गंजू नये म्हणून जीआय पाइप घेतलात, तर सांध्यांवरचा जस्ताचा थर ग्राइंडरने काढा आणि उघड्यावर काम करा. तो धूर बाधतो, ताप येतो.

बिजागरीसाठी पायाच्या मध्यावर, 480 मिमीवर, 12 मिमीचं भोक. त्यात बाहेरून 12, आतून 8 मिमीचा, 25 मिमी लांब बुश (लोखंडी नळी) बसवा. बुश नसेल तर बोल्ट आवळताना पाइप चेपतो आणि घडी जाम होते. चारही बुशांतून एक सरळ 8 मिमी सळई घालून मगच बुश वेल्ड करा, आणि प्रत्येक टाक्यानंतर सळई फिरवून बघा. शेवटी 8×70 मिमीचा स्टेनलेस बोल्ट (किनाऱ्यावर 316 प्रतीचा घ्यावा), मध्ये 2 मिमी नायलॉन वॉशर, वर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा). नट पूर्ण आवळून अर्धा फेरा मागे घ्या.

खालच्या पट्ट्यांना चेन बांधल्याशिवाय पाय पसरतच जातील. बंदरावरची नायलॉन दोरी गंजत नाही, पण भाराखाली ताणते. त्यापेक्षा स्टेनलेस चेन बरी. स्टँड 600 मिमीवर उघडून लांबी ठरवा.

पाइपाची उघडी टोकं 3 मिमी पत्र्याने बंद करा, नाहीतर खारं पाणी आत साचून लोखंड आतून कुजतं. स्टँड वितळलेल्या जस्तात बुडवून घ्यायला (गॅल्व्हनायझिंगला) पाठवायचा असेल तर मात्र प्रत्येक पाइपाला हवा जायला भोकं लागतात. बंद पाइप त्या उष्णतेत फुटू शकतो. घरी रंगवत असाल तर स्लॅग (वेल्डवरची कडक खपली) काढा, तारेचा ब्रश फिरवा, गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे, कारण उघडं लोखंड इथे एका रात्रीत तांबूस होतं. प्रायमरचे दोन हात, वर एनॅमलचे दोन. रंग आधी, बोल्ट नंतर. वॉशरखालच्या जागेवरही रंग लागू द्या, कारण गंजाची पहिली रेघ तिथूनच सुटते.